मी तुझा सुपरवायझर नाही

१४ नोव्हेंबर

चिमणे,

आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक. तुझ्या आईचा गुडघा तसाच आहे. माझं बीपी वाढलंय, आणि त्याचं कारण तू आहेस.

रागावून लिहितोय. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.

तू कोच आहेस. माणसाला प्रश्न विचारून त्याची वाट त्यालाच शोधायला लावतेस, एवढं माझ्यासारख्या सातवी शिकलेल्यालाही कळतं. तुझं काम तपासायला एक ज्येष्ठ बाई होत्या, तुझ्या सुपरवायझर. त्यांच्याकडे जाणं तू बंद केलंस आणि दर रविवारी सगळं मला सांगायला लागलीस. वर शेवटी, "बरोबर केलं ना, बाबा?"

मी काय म्हणणार? "बरोबरच केलंस." बाप आहे गं मी! तू कुणाचं डोकं फोडून आलीस तरी मी आधी विचारणार, तुला कुठे लागलं का?

तुझ्याकडे सल्ल्याला येणारा तो कारखान्याचा मॅनेजर. तू धीर दिलास म्हणून त्याने राजीनामा दिला. त्याच्या बायकोने रडत तुला फोन केला, तर म्हणालीस, "ती त्याला समजूनच घेत नाही." हे तू ठरवायचं? तो रोज फोन करतो, हे मला हसत सांगतेस. हसण्यासारखं काय आहे त्यात?

बाईंना का सोडलंस, तेही तूच सांगितलंस. "मला विचारते, त्या मॅनेजरचा विषय निघाला की तुझा आवाज का बदलतो? खवचट म्हातारी!" तेव्हा मीही हसलो. पण तो आवाज मला कितीतरी रविवार ऐकू येत होता. म्हणून तर फोन तुझ्या आईच्या हातात देत नव्हतो.

काल जावईबापू बोलता बोलता म्हणाले, "ती हल्ली घरात गप्प असते." मी हवापाण्याचं काहीतरी बरळलो. या वयात जावयापासून तोंड लपवायला लावलंस मला!

त्याच बाईंकडे जा, नाहीतर दुसरी कुणी शोध. पण जिला तुझी भीड नाही, तुझं कौतुक नाही, अशा कुणासमोर बस आणि आवाज का बदलतो, त्या प्रश्नाचं उत्तर दे. खरं उत्तर. तोवर त्या माणसाला भेटायचं नाही.

रविवारी फोन कर. जेवलीस का, झोप लागते का, सगळं सांग. कामाचं विचारलंस तर मी गप्प बसेन. रड, रुस, फोन आपट. माझ्याकडून तुला आता "बरोबर" मिळणार नाही.

तुझा,
नुसता बाप