माझी हत्यारं कोणाला

मी, खाली सही करणारा, धंद्याने सुतार, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. हात थरथरतात, डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी वाद घालून पाहावा.

राहतं घर माझ्या पश्चात पत्नीचं. पुढे ती ते मुलालाच देईल. आई आहे, तिचं तिने पाहावं.

हत्यारांचं सविस्तर लिहितो. आमच्या धंद्यात करवत, रंधा, पटाशी, सगळी हत्यारंच. सैनिकाने हत्यारं खाली ठेवली तर तो हरला, सुताराने ठेवली तर जेवायला बसला, एवढंच मला ठाऊक होतं. बाकीचं पोलीस ठाण्यात कळलं. धाकट्या भावाशी कारखान्याची वाटणी चालली होती. वडिलांची रुंद पटाशी त्याच्या वाट्याला आली, ती मी त्याला देत होतो. धारेचं हत्यार देताना मूठ समोरच्याकडे करायची, पातं आपल्या हातात धरायचं, हे वडिलांनी आम्हा दोघांनाही शिकवलेलं. भावाने रागाने ती हिसकली आणि माझा उजवा तळवा फाटला. संध्याकाळी त्यानेच तक्रार दिली, की मी हत्यार घेऊन अंगावर धावलो. रक्त माझं, अंगठा कायमचा निकामी झाला तो माझा, आणि अकरा दिवस कोठडीतही मीच. चोराच्या उलट्या बोंबा.

माझा मुलगा तिथेच उभा होता, चोवीस वर्षांचा घोडा. पोलिसांनी विचारल्यावर म्हणाला, "माझं लक्ष नव्हतं." महिन्याभरात तो काकाच्या फर्निचरच्या दुकानात मॅनेजर झाला. भावाची मुलगीही तिथेच होती, ती मात्र बापाच्या तोंडावर बोलली, "मोठ्या काकांनी मूठच पुढे केली होती." त्यापायी तिला घर सोडावं लागलं.

सगळी हत्यारं, पेटीसकट, या पुतणीला. ती शिवणकाम करते. वापरावीत की विकावीत, तिची मर्जी.

भावाला काही नाही. माफीही नाही. कोणी रदबदली करू नये.

राहिला मुलगा. वकिलांनी बजावलं, मृत्युपत्रातून ज्याला काही द्यायचं त्याला साक्षीदार करत नाहीत, तेव्हा मुलाला साक्षीदार करू नका. मी म्हणालो, मग तोच हवा. खालचं वाक्य त्याने स्वतःच्या अक्षरात लिहायचं आहे. तोवर मी समोर बसून राहीन.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: नऊ मार्च
सही (डाव्या हाताने): सुतार

साक्षीदार पहिले: शेजारचे निवृत्त कंपाउंडर. सही.

साक्षीदार दुसरा: मुलगा.
"वडिलांनी सही केली, ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली."
सही.