पेटीची पूजा

२८ सप्टेंबर, रविवार
चार स्त्रीबीजं निघाली. भूपेशचं गोठवून साठवलेलं वीर्य सगळं वापरलं. आता त्याचं कुठेच काही उरलं नाही.
लॅब सांभाळणाऱ्या चैत्राली मॅडमनी पुन्हा बजावलं – "अत्तर नको, गजरासुद्धा नको. हवेत जे असतं ते गर्भ वाढवायच्या पेटीतल्या द्रावणात उतरतं. दिसत नाही."
शेजारच्या खाटेवर बदलापूरची माया. तिचंही आजच. म्हणाली, "एकाच पेटीत ठेवणारेत. शेजारीण झालीस माझी!"

२९ सप्टेंबर
तीन गर्भ जमले!

१ ऑक्टोबर
तिन्हींच्या आठ-आठ पेशी. मॅडम फोनवर हसल्या. "छान चाललंय. शुक्रवारी गर्भाशयात सोडू."
सासूबाई म्हणाल्या, "उद्या दसरा. त्या पेटीला हात कोण जोडणार?"
गेल्या दसऱ्याला भूपेश कंपनीत गेला नाही. मीच त्याला नमुना द्यायला क्लिनिकमध्ये नेलं. बारा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या मशीनची पूजा राहिली. डिसेंबरमध्ये त्याच मशीनवर –
नको.

२ ऑक्टोबर, दसरा
एमआयडीसीत गेटागेटाला झेंडू. इंजेक्शनसाठी उल्हासनगरला गेले. मॅडम जेवायला गेलेल्या. लॅबबाहेर जनूकाका लादी पुसत होते. पूर्वी अंबरनाथला कंपनीत होते.
"पेटीला फुलं चालतील?"
"मॅडम मला कच्चा खातील, ताई!" मग हळूच – "पण मशीन ते मशीन. आजच्या दिवशी तसंच ठेवू नये."
पिशवीत धूप होता. भूपेशच्याच डब्यातला. "आत नको," मी म्हटलं. "दारातच. पाच मिनिटं."
त्यांनी लॅबमध्ये हवा ओढणाऱ्या जाळीखाली लावला. धूर सगळा जाळीत गेला.
"बघा, घेतलं!" काका म्हणाले.
दहा महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं.

३ ऑक्टोबर
दहाला जायचं होतं. आठलाच मॅडमचा फोन. "येऊ नका." तिन्ही थांबलेत. वाढलेच नाहीत.
"काल आला होतात ना? लॅबपाशी कसला वास आला होता का?"
नाही म्हटलं.

५ ऑक्टोबर
मायाचा फोन. "कळलं का? जनूकाकाने लॅबबाहेर धूप लावलेला. काढलं त्याला. कुणी सांगितलं, ते बोलत नाही मेला!"
मग रडायला लागली.
"तुझे तरी वाढले ना गं?"