समुद्रफुलाचं उघडं तोंड

११ एप्रिल
सकाळी टाकीचा पंप बंद करून काचेला कॅमेऱ्याची जवळचं मोठं दाखवणारी लेन्स लावून बसले. पंप चालू असला की समुद्रफुलाचे, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या त्या प्राण्याचे, हात हलत राहतात, फोटोत नुसता धूर. आज पाणी थांबलं आणि पहिल्यांदा त्याचं तोंड स्पष्ट आलं. जांभळ्या हातांच्या मधोमध घट्ट मिटलेली चीर, म्हणजे तब्येत चांगली. शेजारी नारिंगी माशाचा गाल. सोलापुरात, या उन्हात, हॉलच्या कोपऱ्यात एवढासा समुद्र टिकवलाय. कुणाला काय वाटायचं ते वाटो.
उद्यापासून जयंतीनिमित्त माझी व्याख्यानं. मंगळवेढा, मग टेंभुर्णी. टाकी विजयकडे. लग्न झाल्यापासून या नवऱ्याने माझ्या कुठल्याच छंदात बोट घातलेलं नाही. पाणी काचेवरच्या खुणेच्या पट्टीखाली गेलं की घाल, एवढंच सांगितलं.

१३ एप्रिल, मंगळवेढा
मैदान भरलेलं. पाण्याच्या हक्कावर बोलले. टाळ्या. घसा बसला. नंतर एक म्हातारी स्टेजमागे आली. "लई चांगलं बोललीस बाई. पर पानी कवा येनार?" वाक्यं भरपूर होती माझ्याकडे.
वि.चा फोन. पाणी भराभर उडतंय, रोज घालतोय, काळजी करू नको.

१६ एप्रिल
दुपारी घरी. समुद्रफूल निम्म्यावर आलंय. हात आखडलेले. लेन्स लावली. तोंड उघडं, आतलं पांढरं बाहेर.
कुठलं पाणी घातलंस? वि.ने निळा डबा दाखवला. मिठाचं पाणी, महिन्यातून एकदा टाकीचं पाणी बदलायला कालवून ठेवलेलं. उन्हाने पाणी उडतं, मीठ टाकीतच राहतं. त्यावर हा रोज आणखी मीठ ओतत होता. गोड्या पाण्याचा डबा शेजारीच, भरलेला.
"समुद्राच्या टाकीत गोडं पाणी घालायचं, हे कुणाला सुचेल?"
मग मी बोलले. बराच वेळ. थांबले तेव्हा तो म्हणाला, "मी हजार लोक नाही गं. एकटाच आहे."

१७ एप्रिल
मीठ हळूहळू उतरवायचं, एकदम नाही. थोडं काढायचं, थोडं गोडं घालायचं. गोडं संपलं. आज नळ यायचा होता, आला नाही. खालच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात म्हणाल्या, पाण्यासाठी मोर्चे काढता आणि माशांना फिल्टरचं? त्यांचं चूक नाही. एरवी मीच असं विचारलं असतं, माइकवरून.
वि. भावाकडून दोन कॅन घेऊन आला. टाकीजवळ ठेवले. मी एक उघडला.

१९ एप्रिल
निसारभाई आले, ज्यांच्या दुकानातून समुद्रफूल घेतलं ते. टाकीसमोर उकिडवे बसून बघत राहिले. आधी नेहमीचं, मॅडम, तुमची तब्येत माशांपेक्षा खराब दिसतीय. मग गंभीर झाले. "आजच काढा. हे मेलं की सडतंय, आन् जाताना मासाबी घेऊन जातंय."
"पण जिवंत आहे ना?" वि.
"हाय की. म्हणून तर आजच म्हणतोय."
बाहेर काढलं तर मरणार. ठेवलं आणि आतच मेलं तर मासाही जाणार. गेल्या वर्षी कोळंबी मेली असं निसारभाईच म्हणाले होते. ती नुसती टाकलेली कात निघाली, कोळंबी दगडामागे ठणठणीत. तेव्हा हसलो होतो सगळे.
आयुष्यभर लोकांना सांगत आले, बाजू घ्या, मध्ये उभे राहू नका.
नाही काढलं आज.

२० एप्रिल
वीज गेली. टाकीचं पाणी हाताला कोमट. बर्फाच्या बाटल्या सोडल्या. रोजचे फोटो शेजारी शेजारी लावून पाहिले. डोळ्यांना जे दोन दिवसांनी दिसलं असतं ते लेन्स आजच दाखवते, तोंड कालच्यापेक्षा मोठं. कडा विरघळल्यासारख्या. यासाठी घेतली होती का ही लेन्स?
मासा समुद्रफुलातच झोपतो. झोपायला उरलंय काय तिथे.
माळशिरसच्या सभेला नाही म्हणून कळवलं. कारण सांगितलं नाही. हसले असते.

२१ एप्रिल
ठरवलं. काढायचं. वि.ने बाही वर केली, बादली आणली. म्हणाला, माझ्या हातून बिघडलं, मीच काढतो. मी म्हटलं, कुठलं पाणी ते मी सांगितलं नव्हतं. त्या दिवसानंतर एकमेकांशी एवढंच बोललो.
शेवटचा फोटो म्हणून पंप बंद केला. माशाला बाजारच्या कोळंबीचा तुकडा टाकला. त्याने खाल्ला नाही. समुद्रफुलाकडे नेला आणि त्या उघड्या तोंडात ढकलला. तुकडा बाहेर पडला. त्याने उचलून पुन्हा ढकलला. पुन्हा बाहेर. वि. कोपरापर्यंत हात पाण्यात घालून तसाच थांबला.
मग एकदा तुकडा बाहेर आला नाही.
फोटो मोठा करून पाहिला. गिळलाय की नुसता अडकलाय, कळत नाही. कडेचा एक हात आत वाकल्यासारखा दिसतो, खाताना वाकतो तसा. वि.च्या हाताने पाणी हललं असेल, त्यानेही वाकेल.
"काढू?"
थांब म्हटलं. कुठवर, ते त्याने विचारलं नाही.