मुकादमाची गादी

तीर्थरूप आईच्या पायांशी,

मी खुशाल आहे. उकाडा सोसवतो. मुकादमाने आमच्या खोलीतला पंखा स्वतःकडे नेला आणि काल म्हातारा सुतार घेरी येऊन पडला. आता बरा आहे. तू काळजी करू नकोस.

आज मुकादमाने नवी गादी गच्चीवर उन्हात घातली. मी रेडिओवर हवामान ऐकतो म्हणून चिडवत म्हणाला, "काय रे वेधशाळा, पाऊस आहे का?"

रेडिओने संध्याकाळी वादळी पाऊस सांगितला होता. मी म्हटलं, "छे, कडक ऊन."

आता ढग गडगडत आहेत. तो जिन्यात ओरडतोय, "गच्चीची किल्ली कुणाकडे आहे?" माझ्या खिशात आहे. पण तुझं पत्र अर्धवट टाकून कसा उठू?

तुझे गुडघे कसे आहेत? ताईचं बाळ रांगतं का? थेंब चांगले टपोरे आहेत. आत्याचा खोकला थांबला का?

तुझा आज्ञाधारक,
धाकटा