रंगुबाईचं नाव कुणाचं

कर्जत,
१९ जानेवारी २०२५

ती. दादास,
माधुरीचा सा. न. वि. वि.

कारखान्यात गिरणीशेजारी उभं राहून राहून तुझे कान गेले. तेव्हा फोनवर ओरडून निम्मं सांगण्यापेक्षा सगळं लिहिलेलंच बरं. इकडे सर्व ठीक. यंदा थंडी चांगली पडल्यामुळे ज्वारी बरी आहे. वहिनीनं पाठवलेले तिळाचे लाडू मिळाले. तुझ्या पार्थला सांग, त्याच्या वाटणीचेही आम्हीच खाल्ले.

तुला माहीत आहे, मी, लंकाबाई आणि रतनबाई मिळून आमटीचा येसूर मसाला करतो. कृती लंकाबाईच्या आईची, म्हणून पाकिटावर नाव तिचंच, 'रंगुबाईचा येसूर'. आता पुण्याचे एक अमृतशेठ आमचा सगळा माल घ्यायला तयार झालेत. त्यांची बरीच दुकानं आहेत. त्यांनी एक जाडजूड इंग्रजी करार हातात ठेवला आणि सही करा म्हणाले. मी पहिलं पान दोनदा वाचलं. कळलं एवढंच, की आपल्याला काही कळत नाही.

म्हणून मी नगरला दर रविवारी वर्गाला जायला लागले आहे. धंदा करणाऱ्या, पण वकील नसलेल्या माणसांना धंद्याचा कायदा तिथे शिकवतात. शिकवणाऱ्या निकिता मॅडम स्वतः वकील आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं की, या आठवड्यात करार कुणी कुणी केला? एकाचाही हात वर झाला नाही. मग त्या म्हणाल्या, एसटीचं तिकीट कुणी काढलं, शिंप्याकडे ब्लाऊज कुणी टाकला, गवळ्याला जास्त दूध कुणी सांगितलं, त्यांनी हात वर करा. सगळा वर्ग हात वर करून हसत बसला. एकानं देऊ केलं, दुसऱ्यानं मान्य केलं, त्याबदल्यात काही ठरलं आणि दोघांनी ते राजीखुशीनं केलं, की झाला करार. दादा, मला तेव्हा कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं वाटलं.

तुझं मत कळव. वहिनीस नमस्कार. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
माधुरी

*

कोपरगाव,
६ फेब्रुवारी २०२५

चि. माधुरीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

वकिलीणबाईंचं पत्र पावलं. तुझ्या वहिनीनं ते शेजारी वाचून दाखवलं, त्यामुळे गल्लीत तुझी वकिलीची सनद आधीच निघाली आहे.

चेष्टा सोड, पण मला काळजी वाटते. एवढं मोठं गिऱ्हाईक दारात आलंय आणि तू त्याला शाळा सुटेपर्यंत थांबवतेस. ते दुसरीकडे गेलं तर? शिवाय पंचेचाळिशीला आलेल्या बाईनं रविवारी पहाटे उठून एसटीनं नगर गाठायचं, पोरांच्या शेजारी बाकावर बसायचं, हे माझ्यानं झालं नसतं. ते तू करतेस याचं मला कौतुक आहे, काळजीच्या खाली दबलेलं का होईना. जेवणाची हेळसांड करू नकोस. एसटीत खिडकीशी बसून गार वारं घेऊ नकोस.

लंकाबाई-रतनबाईंना माझा रामराम. पत्राची वाट पाहतो.

तुझा,
मच्छिंद्रदादा

*

कर्जत,
२३ मार्च २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. लिहावंसं वाटत नव्हतं. लंकाबाई कामावर यायची बंद झाली होती.

झालं असं. वर्गात भागीदारीचा धडा झाला. त्यात कळलं, की आम्ही तिघी कागदावर काही नसतानाही कायद्यानं भागीदार आहोत. धंद्यासाठी एकीनं केलेल्या सहीनं तिघी बांधल्या जातात. आणि वेगळं ठरलेलं नसेल, तर एक जण वारली की भागीदारीच संपते. मी घाबरले. दुसऱ्या दिवशी भट्टीजवळच दोघींना म्हणाले, की आपण आपसात लिहून घेऊ. रतनबाई बरं म्हणाली. लंकाबाईच्या हातात भाजणीचा झारा होता. तो तिनं खाली ठेवला. म्हणाली, इतकी वर्सं एका ताटात जेवलो, आता मधी कागद आला व्हय, आमी काय पळून चाललो न्हाई. आणि पदर खोचून घरी गेली. मी दोन वेळा तिच्या घरी गेले, तर पाणी दिलं, पण बोलली नाही. मसाला आम्ही दोघींनी केला. त्याला तो वास येईना.

मग अमृतशेठचा करार मी शब्दकोश घेऊन कलम कलम वाचला. एका कलमात होतं, की 'रंगुबाई' हे नाव त्यांच्या कंपनीचं होईल. दुसऱ्यात होतं, की करार संपल्यावरही तीन वर्षं आम्ही मसाला कुणालाच विकायचा नाही. मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, करार संपल्यावर माणसाला त्याचा धंदाच करू न देणारी अट आपल्याकडे सहसा कोर्टात टिकत नाही. पण नाव एकदा लिहून दिलं, की ते गेलंच समजा.

तो कागद घेऊन मी लंकाबाईच्या ओट्यावर बसले आणि मराठीत सांगत गेले. ती शेंगा फोडत होती. नावाच्या कलमाला तिचा हात थांबला. तिनं विचारलं, म्हंजे माज्या आईचं नाव मलाच लावता येनार न्हाई? मी हो म्हणाले. मग तिनं विचारलं, की आपल्या तिघींच्या कागदात हे नाव कुनाचं लिव्हनार हायेस? दादा, एवढं शिकून मला तो प्रश्न सुचला नव्हता. मी तिलाच विचारलं, तर म्हणाली, तिघींचं लिही, पन एकीनंबी न्हाई म्हटलं तर विकायचं न्हाई.

लंकाबाई कामावर परत आली आणि आमची भागीदारी लिहिली गेली. एक गेली तर धंदा चालू राहील आणि तिचा वाटा तिच्या घरच्यांना मिळेल, हेही त्यात आहे. ते कलम रतनबाईनं सांगितलं. निबंधकाकडे नोंदणीला दिली आहे. नावाच्या नोंदणीचा अर्जही केला.

आता अमृतशेठला भेटायचं आहे. आशीर्वाद असू दे.

तुझी,
माधुरी

*

कर्जत,
१५ जून २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं मधलं पत्र मिळालं. धीर आला. 'गिऱ्हाईक गेलं तर दुसरं येईल, आई दुसरी येत नाही', हे तुझं वाक्य लंकाबाईला वाचून दाखवलं.

अमृतशेठ वाईट माणूस निघाले नाहीत. मी कलमावर बोट ठेवलं, तेव्हा खरं सांगितलं, की हा मसुदा दुसऱ्याच मालाचा होता, त्यांनीही नीट वाचला नव्हता. तीन वर्षांची अट त्यांनी तिथेच खोडली. पण नावाशिवाय माल नको, म्हणाले. आम्ही नाही म्हणालो. ते चहा पिऊन, हात जोडून गेले. माल न्यायला आणलेला त्यांचा टेम्पो रिकामा परत गेला. त्या संध्याकाळी आम्ही तिघी एकमेकींकडे न बघता भांडी घासत होतो. नंतरचे दोन महिने जड गेले. रतनबाई खुरपायलाही जाऊन आली.

मागच्या आठवड्यात तेच पुन्हा आले. त्यांना स्वतःच्या नावाचा मसाला आमच्याकडून करून हवा आहे. मी लगेच होकार देणार होते, पण लंकाबाईनं विचारलं, की आमचा आमी विकायचा का न्हाई? विकायचा, असं ते म्हणाले. तेव्हा ती म्हणाली, मग तुमचा येगळा करू, आईचा न्हाई देनार. धने जास्त, तिखट कमी असा नवा मसाला ठरला. करार या वेळी मराठीत झाला. आधी तिघींनी वाचला, मग मॅडमनी.

मॅडमनी मला नव्या वर्गापुढे बोलायला बोलावलं आहे. तू आणि वहिनी आलात, तर माझ्या तोंडून शब्द फुटेल.

तुझी,
माधुरी

*

कोपरगाव,
२ सप्टेंबर २०२५

चि. माधुरीस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. गाडीत तुझी वहिनी नगरपासून राहुरीपर्यंत तुझ्याबद्दलच बोलत होती आणि मीही ऐकू येत असल्यासारखी मान हलवत होतो.

त्या दिवशी तुझ्या वर्गातल्या गर्दीत बोलायचं राहिलं, ते आता लिहितो. तू छान बोललीस, असं सगळे म्हणाले. लंकाबाईला मधेच उभी करून आईच्या मसाल्याबद्दल बोलायला लावलंस, तेही मला आवडलं. पण मनात राहिलं ते नंतरचं. बाया तुझ्याभोवती जमल्या. कुणी दुकानाचा भाडेकरार आणला होता, कुणी पुरवठ्याचा. तू एकेकीला कागदावर बोट ठेवून समजावत होतीस. तेवढ्यात कोर्टाची नोटीस आलेली एक बाई पुढे आली. तुझ्याभोवती एवढं कौतुक होतं, तू काहीबाही सांगितलं असतंस तरी तिनं मानलं असतं. तू कागद वाचलास, घडी घालून तिच्या हातात दिलास आणि म्हणालीस, की हे मला येत नाही, आजच वकिलाकडे जा. मग नुसतं सांगून थांबली नाहीस. तिचा हात धरून तिला मॅडमच्या टेबलापर्यंत नेलंस. वहिनीनं हे मला तळहातावर लिहून सांगितलं.

माधुरी, त्या क्षणी मला वाटलं, आपली पोरगी शिकली.

लंकाबाईला सांग, येसूर संपत आलाय. भावाच्या घरी यायला करार लागत नाही, तेव्हा दिवाळीला तिघी या.

तुझा,
मच्छिंद्रदादा