मिठाचा शेक

६ डिसेंबर १९५४
आरमोरीहून बैलगाडीने दुपारी नव्या नेमणुकीच्या जंगल नाक्यावर पोचलो. कवेलूंच्या छपराचं सरकारी घर, पुढे सागवानाच्या थप्प्या, मागे बांबूचं रान. बायकोला, गुणाला, घर फार आवडलं. लगेच अंगण सारवून तिने नव्या तांदळाचा भात टाकला. चौकीदार लटारूभाऊ भेटून गेले. "करमंल तुमाले इथी, बाबूजी. फक्त बाईले नाल्यावर एकटं जाऊ देऊ नोका," म्हणाले. वाघाचं भय असेल.

९ डिसेंबर
डावी दाढ ठणकते आहे. गुणा सांगत होती, नाल्यापलीकडे एक बाई उभी असते, तिच्यासारखंच लुगडं नेसलेली. हाक मारली तर बोलत नाही. मी हूं हूं केलं. दाढेत लवंग धरली होती, सगळं लक्ष तिथेच.

११ डिसेंबर
गाल सुजला. गुणाने पुन्हा तोच विषय काढला. ती बाई आता कुंपणापर्यंत येते म्हणे. गुणा बहुतेक रडत होती. मला तिचे ओठ हलताना दिसत होते, कानात मात्र ठणकाच. चिडून म्हणालो, आधी पाणी आण. घागर घेऊन गेली.

१३ डिसेंबर
ताप. गुणा मिठाची गरम पुरचुंडी गालाला लावून बसते. बोलत नाही, तेच बरं. लटारूभाऊंनी दारातूनच विचारलं, "बाई कुठी हायेत?" मी हाताने आत दाखवलं. ते तसेच मागे सरकले.

१६ डिसेंबर
सकाळी ठणका थांबलेला. घर जणू आजच दिसलं. चूल गार, राखेवर कोळ्याचं जाळं. मग पुरचुंडी तापते कशावर?
ती कोपऱ्यात बसली होती. चेहरा गुणासारखा, पण तिला फक्त लांबून पाहिलेल्या कुणी घडवावा तसा. पापण्या नाहीत. इतके दिवस मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.
नाल्याकडे धावलो. काठावर भरलेली घागर. बांबूंतून गुणाचा आवाज आला, "अवो, मी इथी हाये! इकडे पाहा ना!" त्याच क्षणी दाढेत ठणका उठला. डोळ्यांपुढे अंधार. हाक कोणत्या बाजूची, ते हरवलं.

१७ डिसेंबर
लटारूभाऊंनी माणसं घेऊन रान धुंडाळलं. कोणी नाही. डॉक्टरकडे न्यायला मला गाडीत घातलं. फाटकापाशी असा ठणका उठला की मीच ओरडून गाडी परत फिरवली. ती दारात उभी होती, पुरचुंडी घेऊन. भाऊ मान खाली घालून निघून गेले.

१८ डिसेंबर
मागच्या रानातून गुणाची हाक येते आहे. ऐकायला लागलो की ही गाल दाबते — मग फक्त दाढ — फक्त —

१९
"दुखते काय जी?" आज ही पहिल्यांदा बोलली. आवाज हुबेहूब गुणाचा. बाहेरची हाक बंद झाली — की मलाच ऐकू —
डोळे मिटून गुणाला आठवतो. दाढ आठवते.
उठली. येते आहे. त्याआधी लिहून ठेवतो — गुणा: रंग सावळा, हनुवटीवर गोंदण — नाही, कपाळावर — डोळे —