मला फसवले असल्याचा दाखला मिळणेबाबत

दिनांक : ११ मार्च, शनिवार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक तक्रार कार्यालय,
दुसरा मजला, खिडकी क्रमांक तीन.

विषय : नव्या गाडीच्या रंगावर शोरूमने संरक्षक थर लावला किंवा कसे, याची तपासणी होऊन मला फसवले असल्याचा लेखी दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : १) गुरुवारी मी समक्ष आले असता आपल्या खिडकीवरील बाईंनी "लेखी द्या" असे सांगितले, ते.
२) शोरूमचे एका ओळीचे पत्र, "तपासणीत दोष आढळला नाही".

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती अर्ज करते की, माझी पहिली तक्रार माझ्या सुनेच्या वागण्याबद्दल आहे. ती काही बोलत नाही. गेल्या रविवारी मी अख्ख्या गल्लीसमोर तोंडघशी पडले. मुलगा बोलला, समोरचा शिंपी बोलला, वरच्या मजल्यावरच्या बाईने तर कपडे वाळत घालायचे सोडून बोलून घेतले. सून मात्र गप्प. चहा आणून दिला, गाडीची किल्ली घेतली, कामाला गेली. "मी म्हटलं होतं ना" एवढे चार शब्द तिने उच्चारले असते, तर मी तिला चाळीस ऐकवून मोकळी झाले असते. तिने तीही सोय ठेवली नाही. ही तक्रार आपल्या कार्यालयात बसत नाही हे मला कळते. मनात होती म्हणून आधी लिहिली. आता मुद्द्याचे.

१. मी शिक्षणाने तिसरी पास व धंद्याने कल्हईवाली आहे. तांब्यापितळेच्या भांड्यांना आतून कथलाचा मुलामा देणे हा आमचा धंदा. नवरा गेल्यापासून सत्तावीस वर्षे भट्टी मीच चालवते. घराला लागून पत्र्याची शेड आहे, तीत भट्टी आहे. भट्टीच्या धुराबद्दल शेजाऱ्यांनी माझ्यावर इतके अर्ज केले आणि मी त्यांना इतकी उत्तरे दिली, की अर्जाची भाषा मला शाळेत नव्हे, त्या भांडणात आली. सबब या अर्जात काही चुका असल्यास त्या शेजाऱ्यांच्या समजाव्यात.

२. गेल्या वर्षी मुलाने गाडी घेतली. गाडी सून चालवते. घरोघरी जाऊन आजारी माणसांकडून हातापायांचे व्यायाम करून घेणे हे तिचे काम आहे. गाडी यायच्या आधीच मुलगा शेडमध्ये टेप धरून उभा राहिला. म्हणाला, "आई, गाडी उन्हात राहिली तर रंग जाईल. शेड रिकामी कर. तसंही तुझं वय झालंय, डोळेही पूर्वीसारखे नाहीत." वयाचे मी ऐकून घेतले, ते कागदोपत्री आहे. डोळ्यांचे ऐकून घेतले नाही.

३. गाडी ठरवायला मी सोबत गेले. मला कोणी बोलावले नव्हते. शोरूममध्ये थंडगार हवा, काचेचे टेबल, आणि टेबलामागे गळ्यात टाय बांधलेला एक इसम. (पुढे यास टायवाला म्हटले आहे.) त्याने पत्र्याचे दोन तुकडे काढले, एक साधा व एक थर लावलेला, आणि दोन्हींवर पाणी ओतले. थरावरचे पाणी मोत्यासारखे घरंगळले. म्हणाला, "आई, हा थर लावला की गाडी खुशाल उन्हात ठेवा. रंगाला ऊन लागल्याचं कळणारसुद्धा नाही." साहेब, खुशाल उन्हात, हे शब्द ऐकले आणि मला माझी शेड वाचलेली दिसली. शिवाय अर्ध्या तासात तो मला एवढ्या वेळा आई म्हणाला, की माझा सख्खा मुलगा वर्षभरात तेवढ्या वेळा म्हणत नाही.

सून कानाशी लागून म्हणाली, "आई, राहू द्या. कारखान्यातनं येतानाच रंगावर एक पारदर्शक थर असतो. हा वेगळा लागत नाही." मी तिला टायवाल्यादेखत सुनावले की, तू गाडी चालव, मुलामा मला शिकवू नकोस. ज्या बाईने जन्मभर लोकांना मुलामा विकला, तिला त्या टायवाल्याने पंचवीस मिनिटांत मुलामा विकला. भाव येथे लिहीत नाही. पावती जोडली आहे, आपण एकट्याने पाहावी.

४. आता माझे शहाणपण कळवते. आमच्या धंद्यात नवे गिऱ्हाईक आले की आम्ही अर्धेच भांडे कल्हई करून दाखवतो. अर्धे तसेच काळे ठेवतो. फरक डोळ्याने बघा, मग बोला. तोच नियम मी शोरूमला लावला. म्हटले, पैसे पूर्ण घ्या, थर अर्ध्याच गाडीला लावा, एका बाजूला. कोणती बाजू ते मला सांगू नका. चिठ्ठीवर लिहून पाकिटात घाला आणि पाकिटाला लाख लावा. वर्षाने मी डोळ्याने ओळखून दाखवीन आणि मग पाकीट फोडू. टायवाला घाम पुसत आत गेला, साहेबाला विचारून आला आणि लाख नाही म्हणून चिकटपट्टी लावली.

एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. घरी येऊन मी मुलाला, सुनेला आणि शिंप्याला साक्षी ठेवून म्हटले, की वर्षाने लावलेली बाजू मला ओळखता आली नाही, तर मी माझ्या हाताने भट्टी विझवीन आणि शेड गाडीला देईन. मला कोणी म्हण म्हटले नव्हते. जीभ माझीच. मुलाने मात्र तारीख लिहून ठेवली.

५. वर्षभर गाडी उन्हात उभी राहिली. टायवाल्याने दिलेला हमीचा कागद मी मध्यंतरी भिंग घेऊन वाचला. त्यात असे आहे की पक्ष्यांची घाण, झाडाचा चीक, खारे पाणी आणि धूळ यांमुळे झालेल्या नुकसानीस कंपनी जबाबदार नाही. दर सहा महिन्यांनी गाडी शोरूममध्ये आणून थर पुन्हा तपासून घ्यावा. आणि सर्वात खाली, मुंगीच्या अक्षरात : "थराचे उन्हापासून संरक्षण व्हावे यासाठी वाहन सावलीत उभे करावे." साहेब, गाडीला सावली नाही म्हणून थर घेतला होता. आता थराला सावली पाहिजे. माझ्याकडून पातेले नेणाऱ्या गिऱ्हाइकाला मी सांगितले असते, की यात स्वयंपाक करू नका, कल्हई जाईल, तर त्याने ते पातेले माझ्याच डोक्यात घातले असते आणि आपल्या कार्यालयानेही त्याला माफ केले असते.

६. गेल्या रविवारी मुदत भरली. गल्ली जमली होती. शिंपी दुकानातून स्टूल घेऊन आला होता. मी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. अंगठा फिरवून पाहिला, नखाची पाठ फिरवून पाहिली, फुंकर घालून वाफ कशी विरते ते पाहिले, गाडीच्या दारात विजेचा खांब सरळ उमटतो की वाकडा ते पाहिले. भांडे पाहते तसेच पाहिले. चालकाच्या बाजूला तकतकी स्वच्छ होती. चालकाशेजारच्या बाजूला रंग थकलेला होता. आंधळ्यालाही कळावे इतका फरक. मी चालकाच्या दारावर हात ठेवून जाहीर केले, "लावलाय तो इथे."

मुलाने पाकीट फोडले. चिठ्ठीवर लिहिले होते : "शेजारची बाजू."

पुढचे लिहीत नाही. शिंपी स्टूल घेऊन परत गेला, एवढे पुरे.

७. सोमवारी मी शोरूममध्ये गेले. टायवाला बदलून गेला म्हणे. त्यांच्या कारखान्याचा मुकादम बाहेर आला, रंगाची जाडी मोजायचे यंत्र घेऊन. दोन्ही बाजूंना टेकवले. दोन्हीकडे आकडा सारखाच. मी म्हटले, "म्हणजे थर नाहीच." तो म्हणाला, "थर आहे हो मावशी, पण इतका पातळ असतो की यंत्राला लागत नाही." यंत्राला लागत नाही, डोळ्याला दिसत नाही, उन्हाला अडवत नाही. पावतीवर तेवढा दिसतो. मग त्यांनी संदर्भ क्रमांक दोनचे पत्र हातात दिले.

८. सबब माझी मागणी काय, ते नीट समजून घ्यावे. आपल्याकडे येणारा प्रत्येक अर्जदार म्हणतो, मला फसवले, न्याय द्या. मला पैसे परत नकोत. शोरूमने त्या बाजूला खरोखर थर लावला असेल आणि तो मला ओळखता आला नसेल, तर माझा डोळा गेला, भट्टी गेली. या महिनाअखेर शेड रिकामी करणे मला भाग आहे, शब्द माझा आहे. पण थर मुळात लावलाच नसेल, तर नसलेली वस्तू दिसली नाही हा काही माझा दोष नाही. तेव्हा मला फसवलेलेच असावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे आणि तसा दाखला मिळावा. चालकाच्या बाजूला मला तकतकी का दिसली, याचे उत्तर माझ्याकडे नाही. त्या प्रश्नाने सहा दिवस झोप नाही. अंगठा पुन्हा पुन्हा तेच सांगतो.

तपासणीस येणाऱ्या माणसाने सकाळच्या उन्हात यावे व स्वतःचा चष्मा आणावा. दाखला ठळक अक्षरांत असावा, तो मुलाला, शिंप्याला व वरच्या बाईला लांबून वाचता यावा. मुलगा परवाच शेडमध्ये खडूने गाडीच्या चाकांच्या जागा आखून गेला आहे, म्हणून त्वरा करावी.

आजवर कुणासमोर न वाकलेली,
पण या कागदापुरती आपली नम्र,

(सही)
कल्हईवाली, पत्र्याच्या शेडचे घर

सोबत : १) पावती. २) हमीचा कागद (भिंग आपले वापरावे). ३) फोडलेले पाकीट व चिठ्ठी.

ता.क. : सोमवार, दि. १३.

शनिवारी आपले कार्यालय अर्धा दिवस असते हे मला ठाऊक नव्हते. अर्ज घेऊन परत आले. वरचा मजकूर खोडत नाही, कारण हा अर्ज पाचव्यांदा लिहिलेला आहे.

तपासणीचा माणूस सकाळच्या उन्हात यावा असे मी लिहिले, तेव्हा स्वतः आधी एकदा त्या उन्हात पाहून ठेवावे म्हणून काल रविवारी पहाट संपता संपता बाहेर गेले. गाडीजवळ सून होती. गुडघ्यावर बसून चालकाचे दार पुसत होती. शेजारी मेणाची चपटी डबी, कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे मिळते ती. दाराला मेण चोळण्याची तिची पद्धत मी पाहिली. मधून सुरुवात, बारीक गोल, गोल वाढवत कडेकडे. गरम भांड्यात कथील टाकून कापसाने मी तसेच फिरवते. मी तिला कधी शिकवले नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेड दिसते आणि या घरात येऊन तिला नऊ वर्षे झाली.

मी विचारले, "कधीपासनं?"

ती उठली नाही. म्हणाली, "गाडी आली त्या महिन्यापासनं. दर रविवारी. आज सवयीनंच."

"कशाला?"

"त्यांच्या थराने काही होणार नाही हे माहीत होतं. मग तुम्हाला फरक दिसणार कसा? भट्टी बंद झाली असती."

साहेब, मी वर्षभर समजत होते की गाडीसाठी शेड हवी आहे ती सुनेलाच. मी तिला त्यावरून काय काय ऐकवले आहे ते आपल्या दप्तरात मावणार नाही.

मी म्हटले, "मग नेमकी हीच बाजू का धरलीस? पाकीट तर घरातच होतं."

"तुमचं पाकीट होतं, आई. मी कसं उघडणार? अंदाजाने धरली. चुकली."

म्हणून पाकीट फोडले त्या रविवारी सबंध दिवस ती बोलली नव्हती. मला वाटले होते, जिंकली म्हणून गप्प आहे.

तरी अर्जात खालीलप्रमाणे दुरुस्ती करून घ्यावी. चालकाच्या बाजूला मुलामा होता. तो सायकलवाल्याच्या डबीतला होता व सुनेच्या हाताचा होता, आणि तो मी ओळखला. शोरूमची बाजू थकलेली होती, तीही मी ओळखली. डोळा शाबूत आहे, शेड रिकामी होणार नाही, तशी नोंद घ्यावी. मुलाला मी कालच कळवले असून खडू पुसायला ओले फडके दिले आहे. फसवल्याचा दाखला मात्र द्यावाच. आणि कोणी आपल्याला विचारले की नव्या गाडीला शोरूमचा थर घ्यावा का, तर माझे नाव न सांगता माझी गोष्ट सांगावी.

राहता राहिली सुनेची तक्रार. ती मी मागे घेते. काल ती मेणाची डबी झाकून उभी राहिली, बोलणी खायच्या तयारीने. मी दारावरून अंगठा फिरवला, बिजागरीपर्यंत नेला, खालच्या कडेपर्यंत नेला, आणि तिला म्हटले, "हात चांगला आहे तुझा. कडा कच्च्या सोडतेस. उद्या कामावरनं आलीस की शेडमध्ये ये."